दारू सुटली, मग आशा का येत नाही?

भाऊ, सलाम.

तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि मध्ये एक रात्र जाऊ दिली. घाईघाईनं उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही.

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. वय बेचाळीस. तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. सोळा वर्षं दारू, त्यातली शेवटची सहा-सात घर धुऊन नेणारी. चौदा महिन्यांपूर्वी एका प्रार्थनासभेत तुम्ही रडलात, गुडघ्यांवर आलात, आणि तेव्हापासून थेंबाला शिवला नाहीत. दर रविवारी उपासनेला जाता. तिथं लोक उभे राहून साक्ष देतात की प्रभूनं एका रात्रीत आयुष्य पालटलं, अंतःकरण आनंदानं भरून गेलं. तुमच्या आत मात्र कोरडं आहे. घरी वहिनी अजून घरखर्चाचे पैसे ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवतात. एकदा दळण काढताना तुमच्या हाताला ती पुरचुंडी लागली आणि तुम्ही ती तशीच पुन्हा आत ढकललीत. शेवटी तुम्ही विचारलंत, "माझं खरंच परिवर्तन झालंय, की नुसती दारू सुटलीय? आणि सगळे म्हणतात ती आशा कुठाय?"

मी पाळक आहे, एकतीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी दारूतून उठलेल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक घेतो. त्या अनुभवावर सांगतो, पुरचुंडी हाताला लागली आणि तुम्ही ती परत आत ढकललीत, तिथंच मला तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही काय केलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण त्याच्याआधी एक गोष्ट. तुम्ही मध्येच एका ओळीत लिहिलंय, "कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये." ही ओळ सोडून मी पुढं जाणार नाही. इतकी वर्षं प्यायलेल्या माणसाला दारू सोडल्यावर पुष्कळ महिने उदासी घेरू शकते. ते दुखणं आहे, त्याला औषध आहे, आणि त्याचा तुमच्या विश्वासाच्या कमी-जास्तीशी संबंध नाही. याच आठवड्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. रात्री-अपरात्री मन फारच खाली गेलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर घ्या. कुणी डोक्यावर हात ठेवून म्हणालं की "आता गोळ्या बंद करा, नाहीतर विश्वास कसला", तर त्याचं ऐकू नका. अशा सल्ल्यानंतर गेलेल्या एका तरुण पोराचा दफनविधी मी केला आहे. मातीची मूठ टाकताना त्याच्या आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून माझ्याबरोबर आहे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अजून रोज भरपूर पीत असेल, तर त्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट्स येतात, भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

हे सगळं पवित्र शास्त्राला धरूनच सांगतो आहे. एलीया संदेष्ट्यानं रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचला, तेव्हा कुठं त्याला ती मंद वाणी ऐकू आली. भाकर आधी, वाणी नंतर. तुम्ही नीट जेवता का, झोपता का, हे मी एवढ्यासाठी विचारतो.

आता आशेकडे येऊ.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल एक साखळी सांगतो. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. हे वचन आपण इतक्या अंत्यविधींना ऐकलंय की त्यातला क्रम लक्षात येत नाही. आशा शेवटी आहे. आपल्या सभांमधून बहुतेक वेळा उलटं शिकवलं जातं: आधी आशा धरा, मग संकट सोसेल, मग स्वभाव बदलेल. पौलाचा क्रम तसा नाही. आणि मधला तो 'शील' शब्द. मूळ ग्रीक शब्दात पारखून खरं उतरल्याचा अर्थ आहे. सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासतो आणि रेघ बघून ठरवतो, तसं. पारख व्हायला वेळ लागतो आणि घासणं लागतं. चौदा महिन्यांत तुम्ही धीरापर्यंत आलात असं मी म्हणेन. ज्या दिवशी पिण्याची तलफ आली आणि तुम्ही स्टँडवरून वळून घरी आलात, असे किती दिवस गेले असतील, मोजलेत कधी? त्यातल्या एकाही दिवशी आत आनंदाची लाट आली नसेल. तरी वळलात. पवित्र आत्म्याचं काम कसं दिसतं असं मला कुणी विचारलं तर मी स्टँडवरून वळलेली ती पावलं दाखवीन.

साक्षींविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्यासारखी कितीतरी माणसं त्यांपायी खचलेली मी पाहिली आहेत. साक्ष देणारा खोटं बोलतो असं नाही. पण पाच मिनिटांत सांगायचं म्हटलं की दहा वर्षांची एक रात्र होते. पंडिता रमाबाईंचंच बघा. आपण त्यांचं नाव मोठ्या अभिमानानं घेतो, पण त्यांचा प्रवास किती लांबचा होता ते सांगत नाही. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ साली नवरा पटकीनं गेला. पदरात लहानगी मनोरमा. इंग्लंडला गेल्यावर २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्याच्या आधी लंडनजवळच्या फुलहॅममध्ये, समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं होतं. तिथल्या सिस्टर त्या बायकांना ज्या मायेनं वागवत होत्या ते बघून त्या चकित झाल्या. ही माया कुठून आली असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. यहुदी ज्यांना टाळत त्या लोकांतली ही बाई, तिच्याशी येशू बोलला. योहानाचा चौथा अध्याय. रमाबाईंच्या मनात पहिला दरवाजा तिथं उघडला.

म्हणजे झालं का परिवर्तन? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, विधवा मुली शिकू लागल्या, वादळं उठली. काम जोरात होतं. आणि त्या स्वतः आपल्या साक्षीत लिहितात, त्याचा आशय असा की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. १८९१ च्या सुमारास कुठं त्यांना ती आतली शांती मिळाली. एवढ्या विदुषीला, एवढं सोसलेल्या आणि एवढं काम उभं केलेल्या बाईला आठ वर्षं लागली, आणि ते सांगायला तिला लाज वाटली नाही. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, १९०५ चं तिथलं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतर. १९२१ साली मनोरमाही गेली, तरी त्या भाषांतराच्या कामाला चिकटून राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, काम हातावेगळं करूनच गेल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावर ज्या आशेवर त्या टेबलाशी बसल्या असतील, ती एखाद्या सभेत रात्रीतून मिळालेली नव्हती.

तुमचं आत कोरडं असणं म्हणजे देव नसणं, असं मानू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा धाकटा भाऊ दारूनंच गेला, वीस वर्षांपूर्वी. यकृत गेलं होतं. मी पाळक, आणि माझ्याच भावासाठी माझी प्रार्थना चालली नाही. त्यानंतर आठ-नऊ महिने मी वेदीमागं उभा राहायचो, आशीर्वाद द्यायचो, प्रभुभोजन द्यायचो, आणि आत काही हलायचं नाही. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे "प्रभू उठला आहे" म्हणालो तेव्हा नुसती जीभ हलली. आमच्या मंडळीतल्या एक आजी त्या दिवसांत रोज संध्याकाळी यायच्या. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि चटणी माझ्या बायकोच्या हातात द्यायच्या आणि ओट्यावर बसून तांदूळ निवडायच्या. निवडता निवडता उपासना संगीत या आपल्या गीतपुस्तकातलं काहीतरी गुणगुणायच्या, बहुतेक रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच. मला एका शब्दानं उपदेश केला नाही. एकदा मीच न राहवून म्हणालो, "आजी, मला गाता येत नाही हल्ली." त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "नका गाऊ. तुमच्या वाटणीचं मी म्हणतेय. जमेल तेव्हा तुमचं तुम्ही घ्या."

मंडळी कशासाठी असते हे मला धर्मशास्त्राच्या वर्गात कळलं नव्हतं ते त्या ओट्यावर कळलं. शनिवारची बैठक मी त्याच वर्षी सुरू केली.

म्हणून तुम्हाला सांगतो, एकटे राहू नका. रविवारी मागच्या बाकावर बसून आशीर्वाद झाला की सटकणं बंद करा. एक माणूस शोधा. पाळकच असायला हवा असं नाही. तोंड बंद ठेवणारा आणि तुमच्या रडण्यानं न घाबरणारा असावा. त्याच्यापुढं सोळा वर्षांचं सगळं एकदा बोला, सुरुवातीपासून. याकोबाच्या पत्रात "एकमेकांजवळ पापं कबूल करा" म्हटलंय ते याचसाठी. आपण प्रॉटेस्टंट लोक "थेट देवाशी बोलतो" म्हणून ही गोष्ट सोडून दिली, ते फार चांगलं झालं असं मला वाटत नाही. जवळपास अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग असेल तर तिथंही जा. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन पिणारी माणसं एकमेकांशी मोकळेपणानं बोलली आणि त्यातून ते उभं राहिलं. ते चर्चचं नाही, कुठल्याच एका धर्माचं नाही, आणि तिथं जाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं नव्हे. आमच्या शनिवारचे निम्मे लोक बुधवारी तिथं असतात.

प्रार्थना कशी करू, असंही तुम्ही विचारलंय. कोरडं असताना आभाराची लांबलचक प्रार्थना करू नका, ती घशात अडकते. स्तोत्रसंहिता उघडा आणि तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाचा. दावीद सरळ विचारतो, कोठवर? मला विसरणार का? मग अठ्ठ्याऐंशीवं. ते स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी "तरी मी तुझं स्तवन करीन" असंसुद्धा म्हणत नाही. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते वगळलं नाही, तसंच ठेवलं. म्हणजे अंधारात बसून देवाला बोल लावणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. मुलाला घेऊन आलेला तो बाप येशूला म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशूनं त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हटलं नाही, मुलाला बरं केलं. रोज सकाळी एवढं एक वाक्य म्हटलंत तरी पुष्कळ आहे.

आता वहिनींबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग हाच आहे. तुम्हाला वाटतं, देवानं क्षमा केली, मग हिनं का नाही?

पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभू भेटला, हे शब्बाथशाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्यानंतर काय झालं? तो यरुशलेमेला आला आणि शिष्यांबरोबर मिसळायला बघू लागला, तर सगळे त्याला भ्याले. हा खरंच शिष्य झालाय यावर कुणाचा विश्वास बसेना. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरून दिसतं की तोवर तीन वर्षं उलटली होती. तीन वर्षांनंतरही लोक दार लावून घेत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, कारण त्यांच्याच माणसांना यानं घराघरांतून ओढून तुरुंगात घातलं होतं. पौलानं तिथं "मला दर्शन झालंय" म्हणून कुणाला दटावलं नाही. बर्णबा नावाच्या माणसानं त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं. दर्शन पौलाला झालं होतं, यरुशलेमेच्या लोकांना नव्हे. त्या रात्रीच्या सभेत गुडघ्यांवर तुम्ही आलात. वहिनी घरी होत्या, मुलांना जेवायला घालत.

आपल्याच मराठी मंडळीतला दाखला द्यायचा तर लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढं पतीकडे आल्या, तरी आपलं सोवळंओवळं सांभाळूनच. मग मनाशी विचार करून करून जातीचा विटाळ त्यांनी स्वतःच टाकला, आणि १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं वाचलं की कळतं, ही बाई कुणाच्या म्हणण्यानं हलणारी नव्हती. आतून पटलं तेव्हाच हलली, आणि मग कुणाच्या बापाला ऐकली नाही. टिळकांसारख्या कवीला, वक्त्याला जे शब्दांनी घाईनं घडवता आलं नाही, ते तुम्ही-मी काय घडवणार?

तेव्हा वहिनींना "अजून विश्वास नाही का" असं विचारू नका. ज्वारीच्या डब्याबद्दल माहीत आहे असं कधीही दाखवू नका. त्या पैशांवर सोळा वर्षं तुमची मुलं जगली आहेत. माझ्या मते त्या डब्यात तुमच्या घरातली आशा इतकी वर्षं कुणीतरी राखून ठेवली होती, तुम्ही पीत होतात तेव्हासुद्धा.

तुमच्या हातात जे आहे ते करा. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू मुक्कामाला गेला तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. त्यानं आपल्याला किती आनंद झाला ते सांगितलं नाही, हिशेब सांगितला. आणि त्यावर प्रभू म्हणाला, आज या घराला तारण झालं. पश्चात्ताप या शब्दात आपल्याला फक्त जळणं ऐकू येतं. जुन्या करारातल्या शब्दाचा साधा अर्थ आहे मागं फिरणं, आलो त्या वाटेनं परत जाणं. परत जायचं म्हणजे वाटेत सगळी देणी लागतात.

शंभर पानी एक वही घ्या. कुणाकडून किती उसने घेतले, वहिनींचा कोणता दागिना मोडला, मुलीची कोणती फी बुडाली, भावाशी कोणत्या दिवाळीत मारामारी केली, सगळं तारखेसकट लिहा, तारीख आठवत नसेल तर सणावरून. आमच्याकडच्या एका गवंड्यानं अशी वही केली होती. पहिल्याच पानावर होतं: 'आईची पाटली, साडेसातशेला, सुगीत'. आई जिवंत नव्हती. तो चार दिवस त्या पानाच्या पुढं जाऊ शकला नाही. मग त्यानं बहिणीला विचारलं, आईचं नाव घेऊन मी तुला दरमहा थोडं दिलं तर चालेल का. बहीण म्हणाली, पैसे नकोत, माझ्या न्हाणीघराला फरशी बसवून दे. त्यानं दोन रविवार दुपारचे लावून ती फरशी बसवली. फरशी बसवताना तो पहिल्यांदा रडला, सभेत कधी रडला नव्हता. एवढं मात्र ध्यानात ठेवा, जिथं तुमच्या कबुलीनं दुसऱ्याचंच घर मोडेल तिथं आधी पाळकाशी किंवा बैठकीतल्या जुन्या माणसाशी बोला. स्वतःचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही.

आणि साक्ष द्यायची घाई नको. तुमच्या मंडळीत कुणी आग्रह धरत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. दारूतून उठलेल्या माणसाला सहाव्या महिन्यात व्यासपीठावर उभं करायची हौस मंडळ्यांना फार असते, आणि तो पुढं घसरला की त्याच लोकांना तोंड दाखवायची त्याला इतकी शरम वाटते की तो पुन्हा दारात येत नाही. असे सात-आठ जण मी या एकोणीस वर्षांत गमावलेत. ते मला रात्री आठवतात.

घसरलातच कधी, तर काय? ते होऊ नये म्हणून मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन, पण त्याची तयारीही सांगून ठेवतो. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, तिथं येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा होता, आणि त्या रात्री त्यानं येशूला तीनदा नाकारलं. दुसऱ्यांदा समुद्रकिनाऱ्यावर. उठलेल्या प्रभूनं स्वतः विस्तव पेटवून मासळी आणि भाकर ठेवली होती, आणि तिथं पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? त्याच वासात, तेवढ्याच वेळा. झालं गेलं विसरून जा असं तो म्हणाला नाही, आणि तोंडही फिरवलं नाही. आधी म्हणाला, या, न्याहारी करा. घसरलात तर त्याच रात्री त्या एका माणसाला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

आशा कुठाय, हा तुमचा प्रश्न मी टाळलेला नाही. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेला लागलेले ते दोघं शिष्य आठवा. दहा-अकरा किलोमीटरची वाट, तोंडं उतरलेली, आणि सोबत चालणाऱ्या परक्या माणसाला ते सांगतात, "तोच मुक्ती देईल अशी आमची आशा होती." आशा होती. भूतकाळ. आणि हे ज्याला सांगतायत तो तोच आहे. त्याला ओळखलं नाही म्हणून तो त्यांना सोडून पुढं गेला नाही, त्यांच्या चालीनं चालला. त्यांना ओळख पटली ती घरी, जेवायला बसल्यावर, त्यानं भाकर मोडली तेव्हा. आपली आशा म्हणजे उद्या सगळं नीट होईल असा अंदाज नाही. तो मेला होता आणि उठला, हातांवरचे व्रण तसेच ठेवून उठला, आणि तो आपल्या वाटेनं आपल्याच चालीनं चालतो आहे, ही आपली आशा. ती तुमच्या मनाच्या आजच्या अवस्थेवर टांगलेली नाही. म्हणून कोरड्या दिवशीही ती मोडत नाही.

या शनिवारी सहाला या. वहिनींना "मी जातो आहे" एवढंच सांगा, "तूही चल" म्हणू नका. त्यांच्या मनात आलं तर बायकांची बैठक शेजारच्या खोलीत असते.

तो गवंडी अजून येतो. त्याला पाच वर्षं झाली. तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहे, तो बैठकीच्या अर्धा तास आधी येऊन चर्चच्या पायरीवर बसला होता. मी कुलूप काढत होतो. म्हणाला, "पास्टर, आज बायकोनं पाचशेची नोट दिली. म्हणाली, तेल आणा, चहापत्ती आणा, उरलेले राहू द्या तुमच्याकडे." त्यानं शर्टाच्या खिशातून सुटे पैसे काढून तळहातावर मांडले आणि मला दाखवले. नोटा घामानं ओल्या झाल्या होत्या. मग त्या नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवल्या आणि सतरंज्या घालायला आत आला.